चेडूच्या डोक्यावरचा अनुस्वार

वर्तमानपत्र आधी लाल पेनाने तपासायचं, मग फाडायचं आणि मग बादलीत भिजत घालायचं, अशा क्रमाने काम करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. न तपासता का नाही हो भिजवत, असं मी त्याला एकदा विचारलं होतं. विचारायला नको होतं. "चुकीचा मजकूर भिजवला तर लगदाही चुकीचाच होणार," असं त्याने सांगितलं, तेही मान वर न करता, कुठल्याशा बातमीतल्या ‘सुचना’ला दुसरा उकार देता देता. आणि हा सगळा कारभार आमच्या लालबागच्या चाळीच्या सामायिक गॅलरीत, माझी ऑफिसला निघायची वेळ, माझ्याच चपलांच्या शेजारी. लगद्याला कीड लागू नये म्हणून तो त्यात मेथीची पूड घालायचा. आजही कोणाकडे मेथीचे लाडू दिले की मला आधी तो आठवतो आणि मग लाडू घशाखाली उतरत नाही.

समोर मी त्याला अहो-जाहो करायचे. मागून नाही करणार. तेवढी सूट मी घेतलेली आहे.

मूळचा तो गिरगावचा. तिकडची त्याची इमारत पाडून टॉवर उभा राहायचा होता, तोवर बिल्डर भाडं देणार आणि हा कुठेतरी राहणार. त्या ‘कुठेतरी’त आमच्या शेजारची खोली आली. दीड वर्षाची बोली होती. मुंबईत बिल्डरचं दीड वर्ष म्हणजे काय असतं ते मी सांगायला नको. एकटा जीव, चार ट्रंका, आणि पाचव्या खोक्यात कागदाच्या लगद्याची चित्रविचित्र जनावरं: छत्री उघडून बसलेला बेडूक, नऊवारी नेसलेली सुरमई, गालगुंड झालेला चंद्र. सगळी लहान मुलांच्या बडबडगीतांतली म्हणे. मोठ्यांच्या कवितेत सगळं खोटं असतं, खरं साहित्य ते बडबडगीत, असं त्याचं ठाम मत होतं. घरात लहान मूल औषधालाही नव्हतं. चाळीतली पोरं सुरमईला हात लावायला गेली की हा ओरडायचा, "स्पर्श करू नका." आता लालबागच्या पोरांना ‘स्पर्श’ म्हणजे काय कळणार? त्यांनी शेपटी मोडल्यावर कळलं.

चाळीने त्याला मास्तर म्हणायला सुरुवात केली, कारण चष्मा आणि खिशाला पेन. तर म्हणे मी मास्तर नाही, मुद्रितशोधक. म्हणजे छापखान्यात मजकूर छापून जायच्या आधी त्यातल्या चुका काढणारा. छापखाना कधीच बंद पडला होता, पण याचं चुका काढणं चालूच. दूधवाल्याच्या पाटीवर, नळाच्या वेळांच्या फळ्यावर, चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. ग्रुपवर कोणी ‘शुभ सकाळ’ टाकलं की फूल कोणतं हे न बघता हा शुद्धलेखन बघायचा. शेवटी सेक्रेटरीने त्याला ग्रुपमधून काढला. काढल्याचा मेसेजही चुकीचा लिहिला होता आणि तो दुरुस्त करता येत नाही म्हणून मास्तर दोन दिवस बेचैन.

एकदा तर कहर केला. खालच्या मजल्यावरचे एक काका गेले. चाळीच्या दाराशी फळ्यावर कोणी घाईघाईत ‘दुखद निधन’ लिहिलं. मास्तर बाजारातून आला, पिशवी खाली ठेवली, खडू मागितला, ‘दु’च्या पुढे विसर्गाची दोन टिंबं दिली आणि मग विचारलं, "कोण गेलं?" मी तिथेच उभी होते. त्या काकांचा मुलगाही तिथेच उभा होता. अशा माणसाबद्दल चांगलं काय बोलणार?

मार खायची वेळही आली होती. नाक्यावर एका भाईच्या वाढदिवसाचं बॅनर लागलं, त्यात ‘शूभेच्छा’. हा स्टुलावर चढून पांढऱ्या रंगाने त्या शू-चा शु करत होता. मंडळाच्या पोरांनी पाहिलं, त्यांना वाटलं विरोधी पार्टीवाला. कॉलर धरली होती एकाने. तेवढ्यात माझी आई भाजी घेऊन येत होती, ती मध्ये पडली. "म्हातारो आसा, सोडा तेका. तेका काय कळता?" पोरांनी सोडला. चाळीत वर येताना हा आईला म्हणतो काय, "वहिनी, तुम्ही ‘तेका’ म्हणता, ते ‘त्याला’ असं हवं." आई हसली. मी असते तर परत खाली नेऊन सोडला असता.

आमच्या घरात मालवणी. बाबा गेल्यावर घरात आम्ही दोघीच राहिलो, आई आणि मी. ताई आयर्लंडमध्ये. आधी मस्कतला नर्स म्हणून गेली, तिथून आणखी लांब गेली, तिकडेच लग्न झालं, तिकडेच मुलगी झाली. आई रोज संध्याकाळी फोन घेऊन गॅलरीत जायची, कारण आत रेंज नाही, आणि व्हिडिओवर त्या नातीला गाणं म्हणून दाखवायची. आमच्या घरातलं एकमेव गाणं. ताई तान्ही असताना आईनेच रचलेलं:

माझा चेडू माळ्यार चडला,
माळ्यावयसून पाळण्यात पडला,
पाळण्यातसून उडान गेला,
दर्यापल्याड जावन रवला.

चेडू म्हणजे मुलगी. आमच्याकडे मुलीला हाकच तशी मारतात. शेवटची ओळ आधी वेगळी होती, ताई गेल्यावर आईने बदलली. माझ्यावर गाणं नाही. मी माळ्यावर चढलेही असेन, पण पडून कुठे गेले नाही. जो घरात राहतो त्याच्यावर कोण गाणी करतं? हे मला लागतं, अजूनही लागतं, आणि ते लपवायचं मला काही कारण नाही.

तर एका संध्याकाळी हे गाणं चालू असताना बाजूला मास्तर लगदा कुटत होता. त्याचा हात थांबला. आईचा फोन होईपर्यंत कधी नव्हे तो गप्प राहिला आणि मग म्हणाला, "वहिनी, हे बडबडगीत कोणाचं?"

"माझा," आई म्हणाली.

"म्हणजे पारंपरिक," मास्तर म्हणाला आणि मान डोलावली. "उत्तम आहे. यात गती आहे."

आईने लगेच संधी साधली. गणपतीला ताई मुलीला घेऊन येणार होती, पहिल्यांदाच. नातीला मराठीचा गंध नाही. तिला तिची आई लहानपणी कशी होती, कुठल्या माळ्यावर चढायची, ते दाखवायचं आईच्या मनात होतं. ताईचा लहानपणीचा एकही फोटो आमच्याकडे नाही. एका पावसात ट्रंकेत पाणी शिरलं त्यात सगळे गेले. म्हणून आई म्हणाली, "मास्तरानू, ह्या माका करून देशात? माळो, पाळणो, दर्यो, आणि चेडू. चेडू मुख्य. नातीक दाखवूचा आसा, गणपतीच्या आदी होया."

"अवश्य," मास्तर म्हणाला. "चेंडू मुख्यच आहे. त्याच्याशिवाय रचनाच उभी राहत नाही."

आईला काय ऐकू आलं देवाला ठाऊक. तिच्या कानांना तसंही कमीच येतं, आणि जे हवं तेच येतं.

त्यानंतर घरात मास्तरांचा दरबार भरला. चाळीतली रद्दी आई गोळा करून त्याला देऊ लागली. बादल्यांच्या वासावरून शेजाऱ्यांनी तक्रार केली तर आई त्यांच्या अंगावर गेली. त्याला चहा, त्याला माशाचं कालवण, त्याला मोदकाची उकड. आणि हा जेवता जेवता तिच्याशी कामाचं बोलायचा. मी ऑफिसातून यायचे तेव्हा हे संवाद तुकड्या-तुकड्याने माझ्या कानावर पडायचे. प्रभादेवीपासून चालत आलेली बाई घरात शिरल्यावर आधी पंखा लावते, ‘च’वर टिंब आहे की नाही ते ऐकत बसत नाही.

"झाला काय ओ चेडू?" आई विचारायची.

"वाळतोय. गोल झालाय छान."

"गोल मां? तेवा गोलच होता," आई खूश. "गालच गाल होते."

"रंग कोणता देऊ?"

"लाल." आईच्या डोळ्यांसमोर ताईचा लाल फ्रॉक. "लाल होतो, पांढऱ्या ठिपक्यांचो."

"ठिपके. उत्तम. आकार केवढा?"

"मांडयेर मावात इतक्या."

मास्तरने आपल्या मांडीकडे पाहिलं, मग हाताने माप घेतलं आणि लाल पेनाने तळहातावर काहीतरी लिहिलं. आई त्या रात्री मला सांगत होती की माणूस चक्रम आहे पण मायाळू आहे, चेडवाचं माप मांडीवर बघून घेतलं. मी म्हटलं, असेल बाई.

गणपतीच्या आधीच्या एका रविवारी त्याने ते उघडलं. चादर टाकून झाकलेलं होतं, चाळीतली चार माणसं बोलावली होती. आईने इस्त्रीची साडी नेसली होती. त्याने चादर ओढली. आता खरं ते सांगते, कारण उगीच खोटं बोलून मला त्याच्यासारखं व्हायचं नाही: माळा हुबेहूब आमचा माळा होता. गुंडाळलेली गादी, पत्र्याची ट्रंक, तांदळाचा डबा, वर चढायची लाकडी शिडी आणि तिची तुटलेली तिसरी पायरी. खाली दोऱ्यांचा पाळणा. पलीकडे निळा समुद्र, त्यात एक सुरमई आमच्या माळ्याकडे संशयाने बघणारी. एक दोरी ओढली की माळ्यावरून वस्तू पाळण्यात यायची, दुसरी ओढली की पाळण्यातून उडून समुद्रापलीकडे. त्या वस्तूपाशी येऊन माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लाल, पांढऱ्या ठिपक्यांचा, मांडीत मावेल एवढा चेंडू. आणि पुढे सुंदर अक्षरात पाटी: ‘माझा चेंडू माळ्यावर चढला’. खाली, ‘पारंपरिक’.

आई जवळ गेली. पाळण्यात वाकून बघितलं, मग चेंडूच्या मागे बघितलं, तिला वाटलं असावं मागे कुठेतरी असेल. मग म्हणाली, "चेडू खंय आसा?"

"हा काय," मास्तर म्हणाला आणि दोरी ओढली. चेंडू पाळण्यात पडला. चार माणसांतल्या एकाने टाळ्या वाजवल्या.

"ह्यो चेंडू. मी चेडू म्हटलंय. माझा चेडू. माझी पोर."

मास्तरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण चुकलो म्हणेल तो मुद्रितशोधक कसला. आधी चष्मा पुसला. मग म्हणाला, "वहिनी, मी सगळं ऐकून केलेलं आहे. ‘माझा’ म्हणालात. ‘चढला’, ‘पडला’, ‘गेला’. एकूण एक क्रियापद पुल्लिंगी. मुलगी असती तर ‘चढली’ असतं, ‘पडली’ असतं. तुमच्या बोलण्यात अनुस्वार राहतो, तो मी दिला."

"आमच्यात चेडू ‘ता’ आसता," आई म्हणाली.

"‘ता’ म्हणजे काय?"

"ते," मी म्हटलं. माझा आवाज आता चाळभर जायला लागला होता. "नपुंसकलिंग. ते मूल म्हणतात ना तुमच्याकडे, तसं आमच्याकडे ते चेडू. गिरगावात काय मालवणी माणसं नव्हती?"

होती की. पण या माणसाशी बोलताना तीसुद्धा घाबरून पुस्तकी बोलत असणार.

"नपुंसकलिंग असेल तर ‘चढलं’ हवं," तो म्हणाला. "‘चढला’ कसं?"

"मालवणीत ‘चढला’ होतं."

"मालवणी माझ्याकडे कधी तपासायला आली नाही," मास्तर म्हणाला. "आणि तर्कानेही बघा. मुलगी माळ्यावरून पाळण्यात पडून उडत समुद्रापलीकडे जाते का? चेंडू जातो."

"माझी गेली," आई म्हणाली.

त्यावर त्याने पाळण्याची दोरी उगाच ताणून बघितली. मग म्हणाला की आता चेंडू काढला तर वजनाचा तोल जाईल, दोऱ्या चेंडूच्या मापाने लावल्या आहेत, बाहुली त्यावरून सरकणार नाही. आई म्हणाली, बाहुली नको, वेळ नाही तर राहू दे, निदान पाटीवरचं ते टिंब तरी काढा. चेंडू तर चेंडू, पण नाव चेडूचं राहू दे. एवढंच मागितलं तिने. आणि हा माणूस, जिने याला पोरांच्या तावडीतून सोडवला, जिच्या हातचं कालवण खाऊन याचं पोट सुटलं, तो तिला काय म्हणाला? "चुकीचं अक्षर मी हाताने लिहू शकत नाही, वहिनी. ते माझ्याने होणार नाही." टिंब काढायचं होतं. ब्लेडने खरवडलं तरी निघालं असतं. मी ब्लेड आणायला निघाले तर आईनेच माझा हात धरला. म्हणाली, रवांदे, माणसाने मेहनत केलेली आहे.

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं सोडलं. कालवण बंद केलं. त्याच्या बादल्या पायाने कडेला सारायला लागले. ते सगळं रचलेलं आमच्याच घरात, टीव्हीच्या जागी, कारण त्याच्या खोलीत बेडूक आणि सुरमई सोडून कशाला जागाच नव्हती. टीव्ही कॉटखाली. आई येता-जाता त्या माळ्याकडे बघायची. कधी शिडीला बोट लावायची. दोरी मात्र तिने एकदाही ओढली नाही.

गणपती जवळ आले. आम्ही पंचखाद्याचं सामान आणलं, ताईच्या मुलीला म्हणून छोटी परकर-पोलकी शिवून घेतली, आईने माळा झाडला, खरा माळा. एका संध्याकाळी फोन वाजला आणि आई नेहमीसारखी गॅलरीत गेली. मी आत नारळ खवत होते. बाहेरून गाण्याचा आवाज आला नाही. नुसतं "बरां", "बरां गो", "नाय नाय, माका काय होवचा आसा" असं ऐकू येत होतं. आत आली तेव्हा फोन पदरात गुंडाळलेला. ताईला रजा मिळाली नव्हती. मुलीची शाळाही होती. पुढच्या वर्षी नक्की.

 ताईला शिव्या द्याव्यात असं मनात आलं, पण त्या आईसमोर देता येत नाहीत. आई त्या रचनेपाशी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "चेंडू केल्यान तां बरा केल्यान. चेडू केला असता तर मी तेकाच बघीत बसलंय असतंय. चेंडवाक निदान लाथ तरी मारूक येता."

मला हसू आलं, आणि लगेच रडूही आलं. तोवर तिने चेंडू आकड्यावरून काढला, गॅलरीत नेऊन लादीवर ठेवला, साडी घोट्याच्या वर धरली आणि मारली. माझ्या आईला मी आयुष्यात कशालाही लाथ मारताना पाहिलं नव्हतं. चुकून पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करणारी बाई. कागदाचा चेंडू, हलका, पण आतून कडक; टक टक करत गॅलरीभर गेला आणि मास्तरच्या दारावर आपटला.

दार उघडलं. मास्तर बाहेर आला, लगद्याने हात माखलेले. खाली बघितलं, वाकला, चेंडू उचलला. कडेला थोडा चेपला होता, तिथे त्याने अंगठा फिरवला. मी तयारच होते. आता हा चेंडूच्या हालअपेष्टांवर भाषण देणार आणि आज मी याला बादलीसकट खाली टाकणार, असं मी ठरवून टाकलं होतं.

तो आमच्या दारापर्यंत आला. आईकडे बघितलं, तिच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं, आणि बहुतेक काय झालं असावं ते त्याला कळलं, कारण फोनवरचं बोलणं गॅलरीत सगळ्यांनाच ऐकू येतं. चेंडू दोन्ही हातांनी पुढे धरून तो म्हणाला, "वहिनी, तुमचं चेडू पडलं."

चेडू. टिंब न देता. आणि पडलं. आपल्या व्याकरणात बसवून का होईना, म्हणाला. एवढ्यासाठी माझ्या आईला इतके दिवस थांबवलं होतं त्याने, आणि त्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही. नंतर त्याचा टॉवर झाला, तो गिरगावला गेला, जाताना आईच्या पाया पडला, तरीही नाही.

पण त्या संध्याकाळी आईने त्याच्या हातातून चेंडू घेतला नाही. त्याच्याकडेच राहू दिला. उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "पडूक नाय ओ ता. येवचा नाय म्हणता ह्या वर्साक."

मास्तर चेंडू छातीशी धरून तसाच उभा राहिला. त्या वाक्यात त्याने काहीही दुरुस्त केलं नाही.